त्रिपालियुमचे तीन खुंट आणि पंधरा किलोंचं ओझं

फ्रान्समध्ये कामाच्या तासांवरून, निवृत्तीच्या वयावरून किंवा बेकारभत्त्यावरून वाद पेटला की थोड्याच वेळात कुणीतरी लॅटिनला साक्षीला बोलावतं. काम या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘त्राव्हाय’. तो ‘त्रिपालियुम’वरून आला, असं सांगितलं जातं. ‘त्रि’ म्हणजे तीन, ‘पालुस’ म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट. तीन खुंटांना माणसाला बांधून त्याचे हाल करायचं हे साधन. तेव्हा काम हा मुळातच छळ आहे आणि खुद्द भाषेनेच तशी कबुली देऊन ठेवली आहे, असा हा युक्तिवाद. फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलं तत्त्वज्ञान शिकतात आणि त्या अभ्यासक्रमात ‘काम’ हा एक नेमलेला विषय असतो, त्यामुळे हे तीन खुंट बहुतेकांना शाळेतच भेटतात. पुढे ते भाषणात, अग्रलेखात, व्यवस्थापनाच्या शिबिरात पुन्हा पुन्हा उगवतात.

बहुतेक वेळा हा युक्तिवाद कामगारांच्या बाजूने आणि चांगल्या हेतूने केला जातो. माझी सहानुभूती त्याच बाजूला आहे आणि म्हणूनच वाटतं की त्या बाजूने तो सोडून द्यावा. भाषाशास्त्राच्या कसोटीवर तो लटपटतो, ही एक अडचण झाली. त्याहून मोठी अडचण ही की ज्यांच्यासाठी तो केला जातो त्यांचंच त्याने नुकसान होतं.

आधी शब्दाचं पाहू. फ्रेंच ‘त्राव्हाय’, स्पॅनिश ‘त्राबाखो’, पोर्तुगीज ‘त्राबाल्यु’, कॅटलन ‘त्रेबाल्य’ ही सख्खी भावंडं आहेत, याबद्दल कुणाचं दुमत नाही. लॅटिनमधल्या ‘लि’पुढे स्वर आला तर वारस भाषांत त्याचं काय होतं, याचे नियम पक्के बसलेले आहेत. ‘पानं’ या अर्थाच्या ‘फोलिया’चं पोर्तुगीजमध्ये ‘फोल्या’ झालं, स्पॅनिशमध्ये ‘ओखा’, फ्रेंचमध्ये ‘फय’. अगदी त्याच वाटेने एकीकडे ‘ल्यु’, दुसरीकडे ‘खो’ आणि तिसरीकडे नुसता ‘य’ उरला. मधल्या ‘प’चंही तसंच. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘प’ स्पॅनिशमध्ये ‘ब’ होतो आणि फ्रेंचमध्ये ‘व्ह’. ‘जाणणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘सापेरे’चं एकीकडे ‘साबेर’ आणि दुसरीकडे ‘साव्हॉआर’ झालं, ते याच नियमाने. इथवर त्रिपालियुमची गाडी रुळावरून धावते.

ती अडते पहिल्याच अक्षरापाशी. ‘त्रि’चं ‘त्रे’ व्हावं हे समजण्यासारखं आहे आणि कॅटलनमध्ये तसं दिसतंही. पण फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘त्रा’ कुठून आला? पुढच्या ‘आ’ने मागच्या स्वराला आपल्याकडे ओढलं, असं काहीजण म्हणतात. तुळई या अर्थाच्या ‘त्राब्स’ या लॅटिन शब्दाची त्यावर सावली पडली, असं इतर काहीजण मानतात. आणि असेही अभ्यासक आहेत जे त्रिपालियुम पूर्ण बाजूला ठेवतात आणि या शब्दाचं मूळ ‘त्राब्स’मध्ये किंवा ‘पलीकडे, आरपार’ अर्थाच्या ‘त्रान्स’मध्ये शोधतात. हा वाद मिटलेला नाही.

लेखी पुरावाही तुटपुंजा आहे. छळाचं साधन या अर्थाने हा शब्द भेटतो तो सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समधल्या ओसेर इथे भरलेल्या धर्मसभेच्या ठरावांत. आरोपींचे जिथे हाल केले जातात त्या ‘त्रेपालियुम’पाशी धर्मगुरूंनी उभं राहू नये, असा तो नियम. म्हणजे रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळून शंभर वर्षं लोटल्यानंतरची ही नोंद. ज्या क्रियापदातून ‘त्राव्हाये’ म्हणजे काम करणे हे क्रियापद निघालं असं मानतात, ते ‘त्रिपालियारे’ तर प्रत्यक्ष लिहिलेलं सापडतच नाही. अभ्यासकांनी ते नंतरच्या रूपांवरून बांधलेलं आहे, म्हणून कोशात त्याच्या डोक्यावर तारका असते. शाळेच्या निबंधात पोचेपर्यंत ती तारका गळून पडते आणि अंदाजाचं सत्य होतं.

याच ‘त्राव्हाय’ शब्दाचा आणखी एक अर्थ फ्रान्सच्या खेड्यांत अजून डोळ्यांनी पाहता येतो. नालबंदाच्या दुकानासमोर जाड लाकडी खांबांची एक चौकट उभी असे. बैलाला तीन पायांवर तोल सांभाळता येत नाही, म्हणून त्याला तिच्यात उभं करून पोटाखालून पट्टे घ्यायचे, डोकं आडव्या दांड्याला बांधायचं, एकेक पाय मागे घेऊन टेकवायचा आणि पत्री ठोकायची. आपल्याकडे बैलाला दोराने आडवा पाडून हेच काम करतात, तिकडे त्याला उभा ठेवत. या चौकटीचं नावही ‘त्राव्हाय’. काही गावांनी जुनी चौकट चौकात जपून ठेवली आहे. अशा चौकटीपाशी उभं राहिलं तर खांब हे छळासाठीच असतात, हा आग्रह आपोआप सैल पडतो. खांबांत जनावर अडकवलं जाई, पण ते रस्त्यावर न लंगडता चालावं म्हणून.

मध्ययुगीन फ्रेंचमध्ये ‘त्राव्हाय’चा अर्थ क्लेश, यातना, दमछाक असाच होता, हे मात्र खरं आहे. बाळंतपणाच्या कळांनाही तोच शब्द होता आणि आजही फ्रेंच रुग्णालयात प्रसूतीच्या खोलीला ‘साल द त्राव्हाय’ म्हणतात. इटालियनमध्ये याच घराण्यातला ‘त्राव्हाल्यो’ कळांसाठी आणि मनस्तापासाठी राखून ठेवलेला आहे. रोजच्या कामासाठी जुन्या फ्रेंचमध्ये दुसरंच क्रियापद होतं, लॅटिन ‘ओपेरा’वरून आलेलं ‘ऊव्रे’. त्यातूनच कामगार या अर्थाचा ‘ऊव्रिए’ शब्द आला. पण ‘ऊव्रे’ची ‘उघडणे’ या अर्थाच्या ‘ऊव्रीर’शी ध्वनीत गल्लत होऊ लागली आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास त्याची जागा ‘त्राव्हाये’ने घेतली. काम म्हणजे यातना असा कौल तेव्हा कुणी दिला नव्हता. भाषेतला एक सोयीचा शब्द निकामी होत गेला, दुसरा पुढे सरकला, आणि सरकताना त्याची धार बोथट झाली.

या अदलाबदलीची एक खूण फ्रेंच कामगार कायद्यात राहून गेली आहे. तिथे रजा ‘ऊव्राब्ल’ दिवसांत मोजतात: महिन्याला अडीच, वर्षाला 30, म्हणजे पाच आठवडे. साप्ताहिक सुट्टी आणि सणाचे दिवस वगळून उरलेले, आठवड्याला सहा, हे ‘ऊव्राब्ल’ दिवस. पुष्कळ फ्रेंच माणसांना वाटतं की दुकानं उघडी असतात म्हणून हा शब्द. खरं तर तो त्या मावळलेल्या ‘ऊव्रे’वरून आला आहे, ‘कामाचा दिवस’ या अर्थाने. लोकांचा व्युत्पत्तीचा समज चुकीचा आहे, तरी त्यापायी कुणाची एक दिवसाची रजाही बुडालेली नाही. रजा कलमात किती दिवस लिहिले आहेत त्यावर ठरते आणि ते दिवस संपांमधून, वाटाघाटींमधून आणि निवडणुकांमधून आले. 1936 मध्ये दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ती आधी कारखाने ताब्यात घेऊन बसलेल्या कामगारांमुळे.

मूळ अर्थावरच कामाचं स्वरूप ठरत असतं तर शेजारच्या देशांत काय दिसायला हवं होतं? इटालियनमध्ये काम म्हणजे ‘लाव्होरो’, लॅटिन ‘लाबोर’वरून आलेला, तीन खुंटांशी काहीही संबंध नसलेला शब्द. 1948 मध्ये अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेचं पहिलंच कलम सांगतं की इटली हे ‘लाव्होरो’वर उभारलेलं लोकशाही प्रजासत्ताक आहे. इतका मान दुसऱ्या कोणत्या घटनेने कामाला क्वचितच दिला असेल. आणि त्याच इटलीत कामावर असताना झालेल्या मृत्यूंच्या नोंदी दरवर्षी हजाराच्या आसपास जातात. परांचीवरून पडणाऱ्या माणसाला आपल्या शब्दाच्या कुळात खुंट नसल्याचा काय उपयोग? रोमानियन ही लॅटिनचीच लेक, पण काम या अर्थाचा तिचा ‘मुंका’ हा शब्द स्लाव्ह भाषांतून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता यातना. समाजवादी राजवटीने याच ‘मुंका’चे वीर म्हणून पदकं वाटली. यातनेचा शब्द गौरवाचा झाला, तरी पदकामागचं काम हलकं झालं नाही.

स्पेनचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. तिथे शब्द तोच, त्रिपालियुमवाल्यांचा लाडका ‘त्राबाखो’. फेब्रुवारी 1919 मध्ये बार्सिलोनाला वीज पुरवणाऱ्या ‘ला कॅनेडिएन्से’ कंपनीच्या कचेरीतल्या काही कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांच्या पाठीशी बाकीचे उभे राहिले, मग मीटर वाचणारे, मग दुसऱ्या कंपन्यांचे लोक. शहर अंधारात गेलं, ट्राम थांबल्या. 44 दिवस हा संप चालला आणि एप्रिलमध्ये सरकारने दिवसाला आठ तासांच्या कामाचा हुकूम काढला. त्या दिवशी शब्दात एका अक्षराचाही फरक झाला नव्हता. दिवसाचे तास मात्र बदलले.

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. नामं धातूंपासूनच निघतात असं प्राचीन वैयाकरण शाकटायनाचं मत होतं. त्यावर घेतला गेलेला आक्षेप यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या आपल्या ग्रंथात, नोंदवून ठेवला आहे: जो वाट व्यापतो तो ‘अश्व’ असं म्हणायचं, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावं लागेल. यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा, तरी विरोधकाचा मुद्दा त्याने लपवला नाही. पुढे शास्त्रकारांनी यौगिक (घटकांवरून ठरणारा अर्थ) आणि रूढ (वापराने ठरलेला अर्थ) असा भेद केला आणि योगापेक्षा रूढी बलवान असा निर्वाळा दिला. ‘कुशल’ हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. मुळात हाताला न कापता कुश गवत आणणारा तो कुशल. किमान वेतनाच्या अधिसूचनेत आज कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे कामगारांचे वर्ग असतात. तिथे गवताचा कुणी विचार करत नाही. वेल्डरला कोणत्या वर्गात घालायचं, दुपारच्या उन्हात काँक्रीट ओतणाऱ्या बाईला ‘अकुशल’ का म्हणायचं, हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं गवतात मिळणार नाहीत.

‘पगार’ तर थेट याच लॅटिन घराण्यातून आपल्याकडे आला. पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. स्पॅनिशमध्येही तोच, इटालियनमध्ये ‘पागारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. या सगळ्यांचं मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. ज्याचं देणं आहे त्याला देऊन शांत करायचं, असा तो प्रवास. रोमानियनमध्ये या धातूतून आलेला शब्द अजून ‘समेट करणे’ याच अर्थाने चालतो. उद्या एखाद्या मालकाने म्हटलं की पगार हा कामाचा मोबदला नसून कामगाराने गप्प राहावं म्हणून दिलेली रक्कम आहे, लॅटिन बघा, तर आपण ते ऐकून घेऊ का? मग खुंटांचा दाखला आपल्या बाजूने आला म्हणून तो का चालवून घ्यायचा?

आता मुख्य नुकसानाकडे येतो. फ्रान्समध्ये ‘पेनिबिलिते’ ही संकल्पना कायद्यात आहे. शरीर झिजवणाऱ्या, आयुष्य खाणाऱ्या कामाचं ओझं मोजायचं आणि ते ज्यांनी वाहिलं त्यांना लवकर निवृत्ती, अर्धवेळ काम किंवा नव्या कामाचं प्रशिक्षण द्यायचं, असा विचार. 2014 च्या कायद्याने त्यासाठी अशा प्रत्येक कामगाराच्या नावाने गुणांचं खातं उघडण्याची सोय केली आणि दहा निकष ठरवले: रात्रपाळी, आळीपाळीच्या पाळ्या, एकाच हालचालीचं पुनरावर्तन, गोंगाट, अति थंडी किंवा उष्णता, हवेच्या वाढीव दाबाखालचं काम, आणि त्यांच्या जोडीला जड ओझी, अवघडलेली बसण्या-वाकण्याची स्थिती, यंत्रांची कंपनं, घातक रसायनं. हे निकष मोघम नव्हते. ओझ्याच्या बाबतीत 15 किलो उचलणं किंवा वाहून नेणं, वर्षाला 600 तास, अशी मर्यादा होती. मालकांच्या संघटनांनी तक्रार केली की प्रत्येक माणसामागे घड्याळ लावून कोण बसणार. 2017 मध्ये नव्या सरकारने शेवटचे चार निकष गुणांच्या खात्यातून काढून टाकले आणि खात्याच्या नावातून ‘पेनिबिलिते’ हा शब्दही गेला.

हे चार निकष कुणाचे होते? गवंड्याचे, घरसामान हलवणाऱ्या हमालाचे, खडक फोडण्याचं यंत्र हातात धरणाऱ्याचे, रंगाच्या कारखान्यातल्या माणसाचे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंथरुणातून उठवणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या, खुर्चीत बसवणाऱ्या बाईचे. ती बाई दिवसभरात 15 किलोंच्या कितीतरी पट वजन आपल्या कमरेवर घेते, आणि ते वजन जिवंत असतं, घाबरलेलं असतं, हातातून निसटतं. आता तिच्या कमरेला डॉक्टरने व्यवसायजन्य आजार ठरवला आणि ठरावीक अपंगत्व मान्य झालं तरच लवकर निवृत्तीचा मार्ग खुला होतो. म्हणजे झीज होऊ नये म्हणून नव्हे, झाल्यावर.

2019 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या रोदेझ इथल्या सभेत राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ म्हणाले की ‘पेनिबिलिते’ हा शब्द आपल्याला फारसा आवडत नाही, कारण त्यातून काम म्हणजे त्रास असं वाटतं. हे वाक्य पुष्कळांना झोंबलं आणि झोंबायलाच हवं होतं. पण या वाक्याला त्रिपालियुमने उत्तर देणं म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्याच मैदानात जाऊन खेळणं आहे. ते म्हणणार, काम हे दुःख नव्हे. आपण म्हणणार, आहेच, लॅटिन बघा. मग ते कृती, निर्मिती या अर्थाचा लॅटिन ‘ओपुस’ काढतील, कामातल्या सर्जनाचा गौरव करतील, आणि कोशातून त्यांच्याही बाजूचे शब्द तितक्याच सहज निघतील. या देवाणघेवाणीत 15 किलो आणि 600 तास हे आकडे कुठल्या कुठे जातात.

सगळंच काम मुळातून छळ असेल तर कोणताही एक मालक, कोणतंही एक कलम, कोणताही एक निर्णय दोषी राहत नाही. वातानुकूलित कचेरीत बैठकांना कंटाळलेला अधिकारी आणि बाथरूमच्या ओल्या फरशीवर 80 किलोंच्या माणसाला सावरणारी बाई एकाच खुंटाला बांधले जातात. दोघंही ‘त्राव्हाय’ करतात, दोघंही भोगतात, मग वेगळा निकष कशाला? मला त्रिपालियुमचा राग येतो तो इथे. तो वेदनेबद्दल बोलतो आणि वेदनांमधला फरक पुसून टाकतो. फरक मोजणं हीच तर कामगार कायद्याची शंभर वर्षांची कमाई आहे.

यावर एक उत्तर येतं आणि ते मी हलक्यात घेत नाही. शब्दांत समाजाची स्मृती असते, सत्ताधाऱ्यांनी कामाचे कितीही गोडवे गायले तरी जुना शब्द सामान्य माणसाचा अनुभव जपून ठेवतो, असं ते उत्तर. 2023 मध्ये निवृत्तीचं वय 62 वरून 64 वर नेण्याविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्यातल्या एखाद्या फलकावर तीन खुंट रंगवलेले असतील तर ते रंगवणाऱ्याची भावना खरीच आहे. आपण ‘कष्टकरी’ म्हणतो तेव्हा त्यातही ‘कष्ट’ आहेत आणि तो शब्द आपण अभिमानाने वापरतो. शब्दाच्या इतिहासातून जुन्या समाजाची नजर दिसते, हेही मान्य. रोमन अभिजनांनी कामधंद्याला ‘नेगोतियुम’ म्हणजे ‘निवांतपणाचा अभाव’ म्हटलं, यातून त्यांच्याकडे गुलाम होते हे कळतं. पण ही त्यांच्याबद्दलची माहिती झाली. आज काम कसं असावं याचा पुरावा म्हणून ती पुढे केली की भावना खरी राहते आणि मागणी धूसर होते.

मागणी स्पष्ट ठेवली तर काय करता येतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा 1969 चा. आज या व्यापाऱ्याकडे तर उद्या त्या गोदामात ओझी उचलणाऱ्या माणसाला एक ठरलेला मालक नसतो, म्हणून त्याला कोणतेच लाभ मिळत नसत. कायद्याने प्रत्येक हमालाच्या खांद्यावरची पोती मोजण्याचा हट्ट धरला नाही. व्यवसाय आणि विभाग धरून मंडळं नेमली, मालक आणि कामगार दोघांची नोंदणी केली, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही म्हणजे ठरावीक अधिभार मंडळाकडे भरायला लावली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा मोबदला यांची सोय केली. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही गंभीर आहेत. तरी एकेका माणसामागे मोजणी शक्य नसेल तर व्यवसाय हे एकक धरता येतं, हे या कायद्याने दाखवलं.

फ्रान्समध्येही नेमकी हीच मागणी करता येईल. काढलेले चारही निकष परत आणावेत. एकेकट्या कामगाराचे तास मोजणं छोट्या मालकाला जड जात असेल तर व्यवसायनिहाय यादी करावी: गवंडी, सामानहलवे, रुग्णसेविका, घरी जाऊन वृद्धांची सेवा करणाऱ्या बायका. या कामांत किती वजन उचललं जातं आणि कितव्या वर्षी कमरा जातात, याची माहिती तिथल्या आरोग्यविमा यंत्रणेकडे व्यवसायजन्य आजारांच्या नोंदींत जमा होत असतेच. ती टेबलावर ठेवून बोलणी व्हावीत, आणि त्या टेबलाशी वृद्धसेवेतल्या बायकांच्या संघटनांना पहिली खुर्ची मिळावी.